ताईचा ट्रक आणि मैद्याची चाळणी

मी वातानुकूलन यंत्रांच्या नळांचे नकाशे काढतो. या वाक्यात ट्रकचा कुठेही उल्लेख नाही, हे माझ्या घरच्यांनी मला नंतर पुष्कळदा दाखवून दिलं आहे.

अंधेरीला एका ठेकेदाराकडे वीस वर्षं माझं हेच काम चालू आहे. कुठल्या मजल्यावर गार हवा कुठून न्यायची, कुठे वळवायची, साहेबांच्या डोक्यावर किती सोडायची आणि कारकुनांच्या डोक्यावर किती (उरेल तेवढी), हे मी कागदावर ठरवतो. वीस वर्षं हे केल्यावर माणसाला वाटायला लागतं की जगातला सगळा वारा आपल्याला विचारून वाहतो. मी दुसऱ्याच्या घरी गेलो तरी आधी पंखा कुठे लावलाय ते बघतो आणि मान हलवतो. बायको म्हणते, म्हणूनच आपल्याला कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

माझी थोरली बहीण शोभाताई दहिसरला राहते आणि ट्रक चालवते. हे मी असं सरळ सांगतो, कारण तीही सरळच सांगते. ट्रक मूळचा भावोजींचा. त्यांची कंबर गेली, डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ट्रक विकायचा सल्ला दिला. ताईने सल्ला ऐकून घेतला, सगळ्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. वय पंचेचाळीस. आता ती वाशीच्या बाजारातून तांदूळ, डाळी, शेंगदाणे उचलते आणि दहिसर-बोरिवलीच्या दुकानांत पोचवते. भावोजी घरी उशी पाठीला लावून फोनवर भाडी घेतात.

नाक्यावर ट्रक-टेम्पोवाल्यांचा एक स्टँड आहे. तिथल्या मंडळींनी पहिली दोन वर्षं तिला 'वहिनी' म्हटलं आणि तिच्या गाडीला 'भाऊंची गाडी'. ती गाडी उलटी घेताना कुठे आपटते का, हे बघायला लोक हातातला चहा थांबवत. ती आपटली नाही. मग हळूहळू 'वहिनी'ची 'ताई' झाली आणि गेल्या वर्षीपासून 'ताईची गाडी' असं कुणीतरी म्हणायला लागलं. हे तिने मला फोन करून सांगितलं होतं, एवढं तिला त्याचं अप्रूप.

आणि मग पासिंग आलं. गाडी रस्त्यावर चालवायच्या लायकीची आहे की नाही, हे मैदानावर नेऊन परिवहन खात्याच्या साहेबांना दाखवावं लागतं, त्याला पासिंग म्हणतात. त्याआधी सगळे आपापल्या गाड्या रंगवून लग्नघरासारख्या करतात. स्वतः जाण्याऐवजी बहुतेक जण एजंटला पाठवतात. ताई स्टँडवर सगळ्यांदेखत म्हणाली, "एजंट कशाला? गाडी मी चालवते, तर पास पण मीच करून आणणार." तारीख मिळाली गुरुवारची.

नेमका त्याच सुमारास ट्रकला धाप लागायला लागली. मोकळ्या रस्त्यावर ठीक, पण घोडबंदरला गायमुखचा चढ आला की गाडी मरगळायची आणि मागून काळा धूर सोडायची. धूर दिसला की पासिंगमध्ये नापास, हे तर मलाही माहीत होतं. ताईचा मेकॅनिक गफूरभाई गावी गेलेला. रविवारी दुपारी आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा तिने त्याला फोन लावला.

"ताई, फिल्टर देखा क्या?" गफूरभाई पलीकडून ओरडून बोलत होता. "पयले हवा का फिल्टर खोल के देखो. बाकी किसी को हात मत लगाने दो."

हे शेवटचं वाक्य ताईने ऐकलं. मीही ऐकलं, पण मला ते इतरांबद्दल वाटलं.

हवा हा शब्द कानावर पडताच माझा सुरमईचा तुकडा ताटातच राहिला. मी हात धुऊन ट्रकपाशी गेलो. जुन्या घडणीचा, पुढे नाक असलेला ट्रक. बॉनेट उघडलं. इंजिनाला हवा जायचा रबरी नळ माझ्या मनगटाएवढा, आणि त्याला इतकी वळणं की मी ते ड्रॉइंग ऑफिसात दिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मला एकदम साक्षात्कार झाला.

"ताई, तुझ्या गाडीला श्वास घेता येत नाहीये," मी म्हणालो.

"तेच तर गफूरभाई म्हणतोय. फिल्टर उघडून बघू."

"फिल्टर नंतर. आधी मार्ग मोठा करायला हवा. हे टर्बो इंजिन आहे. ते हवा ओढून दाबून आत घालतं. जितका मोकळा मार्ग, तितकी ताकद. हे माझं रोजचं काम आहे गं."

"तुझं काम एसीचं."

"हवा तीच ना!"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी पाचवीत असताना घरातलं गजराचं घड्याळ दुरुस्त केलं होतं, तेव्हाही तिने असंच बघितलं होतं. पण गुरुवार जवळ आलेला, गफूरभाई गावी, आणि समोर सख्खा भाऊ छातीवर हात ठेवून सांगतोय. ती म्हणाली, "जुना नळ फेकू नकोस. माझ्या सीटखाली ठेव."

ऑफिसातल्या उरल्यासुरल्या सामानातला एक चंदेरी नळ माझ्या घरी होता. छतात फिरवतात तो, पातळ पत्र्याच्या कागदाचा, आत तारेचं वेटोळं असलेला, हवा तसा वाकणारा. तो मी रिक्षाने बोरिवलीहून आणला. एक टोक फिल्टरच्या डब्याच्या तोंडाला बसवलं (डबा उघडला नाही, कारण माझा विषय मार्ग होता), आणि दुसरं टोक बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून पुढे दिव्यांच्या वर आणलं, म्हणजे गाडी धावताना समोरचा गार वारा थेट आत. आता तोंडाशी काहीतरी जाळी हवी, नाहीतर एखादी माशी किंवा पिशवी आत जायची. ताईच्या स्वयंपाकघरात मैद्याची स्टीलची चाळणी होती. मापाला अशी चपखल बसली की मी हा देवाचा कौल समजलो.

भावोजी कंबर धरत खाली आले. "ह्यां काय लायलंस रे?"

"एअर इनटेक, भावोजी."

"बरां दिसता," ते म्हणाले. कुडाळच्या माणसाने एवढं म्हटलं म्हणजे पुष्कळ झालं.

गाडी सुरू केली. जागेवर उभं इंजिन मस्त गुरगुरायला लागलं. नदीच्या पुलापर्यंत सपाट रस्त्यावर रिकामी फिरवून आणली, काही तक्रार नाही. मी कुटुंबाच्या ग्रुपवर सात फोटो टाकले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी स्टँडवर गेलो. तिथे बाळू कदम म्हणून एक पिकअपवाला आहे, त्याच्यासह पाच-सहा जणांना मी अर्धा तास हवेच्या दाबावर व्याख्यान दिलं. बाळू म्हणाला, "माझ्या गाडीला पण लाव ना यार." मी त्याला पुढच्या रविवारची वेळ दिली.

सोमवार-मंगळवार ताईने ट्रक बाहेर काढला नाही, कारण रंगकाम चालू होतं. बुधवारी रजा टाकून मीही मदतीला गेलो. पुढचा बंपर पिवळाधमक झाला होता आणि त्याच्या वरती ती स्टीलची चाळणी उघडीबोडकी चमकत होती. लांबूनही ती चाळणीच दिसत होती. साहेबांपुढे हे बरं दिसणार नाही म्हणून मी ब्रश घेतला आणि चाळणीला पिवळा ऑइलपेंट दिला. एका हाताने पोत येईना, म्हणून दुसरा दिला.

मैद्याच्या चाळणीची भोकं केवढी असतात, हे वाचकांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. रंग वाळल्यावर ती इतकी छान कंपनीची वाटायला लागली की भोकांचं माझ्या मनातही आलं नाही.

गुरुवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून ताईच्या शेजारी केबिनमध्ये बसलो. ताईने नवीन अबोली साडी नेसली होती आणि पायांत बूट. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेलं.

"पक्या, मला भीती वाटतेय रे," ती म्हणाली. "नापास झाले ना, तर स्टँडवाले परत मला वहिनी म्हणायला लागतील."

"मी आहे ना," मी म्हणालो.

उड्डाणपुलाच्या चढावर गाडी रांगायला लागली. ताईने आरशात बघितलं. मागे धूर होता. मागचा रिक्षावाला रुमाल नाकाला लावून आमच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता.

"हे काय?"

"नवीन मार्ग आहे, हवा अजून रुळतेय," मी म्हणालो. हे वाक्य मी कसं उच्चारलं, देव जाणे. आजही आठवलं की मी एकटा असलो तरी मान खाली घालतो.

मैदानावर चाळीसेक गाड्या रांगेत होत्या. आमच्या मागे दोन गाड्या सोडून बाळू कदमची पिकअप होती. त्याचंही पासिंग त्याच दिवशी निघावं, हे माझं नशीब. साहेब चष्मा लावलेले, शांत, पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, हॉर्न वाजवायला लावला. ताईची सगळी उत्तरं तयार होती. साहेबांनी एकदा मान हलवून "छान ठेवलीय गाडी" असंही म्हटलं. मग ते म्हणाले, "आता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा."

ताईने पाय दाबला. इंजिन जीव तोडून ओरडलं, त्याला हवा हवी होती, आणि हवा यायच्या वाटेवर दोन हात ऑइलपेंट बसला होता. वीस वर्षं मी जे नळ काढले त्यांतून हवा पुढे ढकलली जाते. आतून फुगून ते ताठ उभे राहतात. आतून कुणी ओढलं तर त्यांचं काय होतं, हे बघायची वेळ माझ्यावर कधीच आली नव्हती. त्या दिवशी आली. चंदेरी नळ सगळ्यांदेखत पोट खपाटीला गेल्यासारखा चपटा झाला आणि मागून असा काळा धूर निघाला की बाळू कदमची पांढरी पिकअप काही वेळ दिसेनाशी झाली.

ताईने पाय काढला. नळ फुस्स करून परत फुगला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुन्हा करा," ते म्हणाले.

पुन्हा केलं. चपटा, धूर, फुस्स. मला वाटतं तिसऱ्यांदा त्यांनी निव्वळ बघायला आवडलं म्हणून करायला लावलं. तोपर्यंत रांगेतले सगळे ड्रायव्हर पुढे जमले होते आणि निम्म्यांचे मोबाइल वर होते. साहेबांनी खिशातलं पेन काढून पिवळ्या तोंडावर टकटक केलं. रंगाचा पोपडा उडाला आणि खाली स्टील चमकलं.

"हे काय आहे?"

ताई खाली उतरली. "चाळणी."

"कसली?"

"मैद्याची, साहेब."

जमाव हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

आता इथे मला थोडं थांबायला हवं, कारण हा सगळा लेख मी ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती हीच आहे. साहेबांनी प्रश्न विचारला तेव्हा मी ताईपासून पंधरा पावलांवर होतो. पहिल्या धुराबरोबर मी केबिनमधून उतरलो होतो, दुसऱ्या धुराच्या आडोशाने शेजारच्या पाण्याच्या टँकरमागे गेलो होतो, आणि आता त्याच्या मागच्या टायरजवळ उकिडवा बसून नक्षी तपासत होतो. मला प्रश्न स्वच्छ ऐकू आला. मी नक्षीच्या खाचा मोजायला लागलो.

"मी केलं, साहेब," ताई म्हणाली.

"बाई," साहेब म्हणाले, वाईट आवाजात नाही, शाळेतल्या मास्तरांसारखे, "गाडी म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. हे काढा, नीट दुरुस्त करा आणि उद्या परत आणा."

गाडी म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. हे वाक्य चाळीस ड्रायव्हरांनी ऐकलं. जिने स्वयंपाकघरातून बाहेर पडून ही गाडी हातात घेतली, तिला ते माझ्यामुळे ऐकावं लागलं, आणि मी टायरची नक्षी बघत होतो. मला लाज वाटली हे म्हणणं पुरेसं नाही. मला वाटलं, टँकरने थोडं मागे यावं.

परतीच्या वाटेवर ताई सारखी आरशातून मागचा धूर बघत होती. शेवटी मीच म्हणालो, "तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तू तिथे रडला असतास," ती म्हणाली. "चार माणसांत मला ते बघवलं नसतं."

"मी कशाला रडेन?"

तिने माझ्याकडे वळून बघितलं. मी म्हणालो, धुराने डोळे चुरचुरतायत.

आम्ही स्टँडवर पोचलो, तर आमच्याआधी व्हिडिओ पोचला होता. "काय ताई, पीठ चाळून झालं का?" "ताई, उद्या कुकरची शिट्टी लाव गं, हॉर्नला बरी." ताई त्यांच्याबरोबर हसली. रोज ती तिथे उतरून चहा घेते. त्या दिवशी उतरली नाही.

घराखाली गाडी लावून तिने गफूरभाईला फोन केला, मोबाइल बॉनेटवर ठेवला आणि तो सांगेल तसं करत गेली. फिल्टरचा डबा उघडला. आतला फिल्टर काढून जमिनीवर आपटला, तर त्यातून तांदळाचा भुसा, शेंगदाण्यांची टरफलं आणि कोळशासारखी काळी धूळ एवढी पडली की शेजारची बाई झाडू घेऊन आली. एवढाच आजार होता. नवीन फिल्टर, सीटखालचा जुना नळ, चार स्क्रू. पंधरा मिनिटांत गाडी पहिल्यासारखी. मला फक्त स्क्रू धरायला दिले होते. त्यातला एक मी हरवला.

शुक्रवारी गाडी पास झाली. ताई आत कागदावर सही करत होती, तेव्हा मी धीर करून साहेबांकडे गेलो.

"साहेब, कालची ती चाळणी मी लावली होती."

"माहीत आहे," ते कागदावरून मान न उचलता म्हणाले.

"ताईने सांगितलं?"

"त्यांनी नाही. पण मी प्रश्न विचारला, तेव्हा सगळं मैदान त्या चाळणीकडे बघत होतं आणि एकच गृहस्थ टँकरचं टायर बघत होते. टँकर तुमचा होता का?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग? मी काय, आज आहे, उद्या बदली होईल. त्या बाई रोज जिथे उभ्या राहतात तिथे सांगा."

त्यांच्या केबिनमधला एसी समोरच्या भिंतीवर फेकत होता, सगळी गार हवा फायलींवर चालली होती. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी हे बघून काही बोललो नाही.

स्टँडवर ताईने गाडी थांबवली, तेव्हा बाळू कदमने तोंड उघडलंच होतं. त्याच्या आधी मी उतरलो. "ताईने काही केलं नव्हतं," मी म्हणालो. "नळ मी लावला, चाळणी मी लावली, रंग मी दिला. फिल्टर उघडू नको म्हणून मीच सांगितलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी टँकरमागे लपलो होतो. काल फिल्टर ताईने एकटीने बदलला. आज गाडी पास झाली."

बाळूने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा केबिनमधल्या ताईकडे.

"म्हणजे ताई, तू ह्याच्यासाठी चाळीस जणांत ऐकून घेतलंस?"

"भाऊ आहे," ताई म्हणाली. "असा आहे, पण आहे."

बाळूने मोबाइल काढला, तो व्हिडिओ सगळ्यांसमोर पुसला आणि टपरीकडे बघून ओरडला, "ताईला कडक चहा दे रे!" ताई उतरली. तिच्यासाठी कुणीतरी स्टूल पुढे केलं. मग बाळू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "रविवारचं राहू दे हं. माझ्या गाडीला तू अजून हात लावला नाहीस ना?"

मी नाही म्हटलं. तरी त्याने जाऊन तपासलंच.

आता स्टँडवर कुणाची गाडी धुरायला लागली की आधी ताईला विचारतात, मग मेकॅनिकला. तिला 'वहिनी' म्हणायची कुणाची छाती नाही. मलाही तिथे सगळे ओळखतात. मी नाक्याच्या कोपऱ्यावर नुसता दिसलो, तरी स्टँडवरची जेवढी म्हणून बॉनेटं उघडी असतील, तेवढी धडाधड बंद होतात.